मिरचीवरचे फुलकिडे आणि निंबोळी अर्क

भात कापून झालं की आमच्या गोव्यातल्या पेडण्यात त्याच जमिनीत वायंगणी मिरची लावतात. गेल्या वर्षी मी पाचशेक रोपं लावली. जानेवारीत पानं वर वळून वाटीसारखी व्हायला लागली. पांढऱ्या कागदावर शेंडा झटकला तर पिवळसर, बारीक फुलकिडे धावत सुटले. पानं खाली वळली असती तर कोळी ही रस शोषणारी बारीक कीड समजायची, हे शेजारच्या काकांनी तेव्हाच दाखवून दिलं.

शेताला लागूनच पिण्याच्या पाण्याची विहीर आहे, म्हणून विषारी औषध नकोच होतं. कडुनिंबाचं तेल आणलं, नुसतंच पाण्यात ढवळलं आणि भर दुपारी फवारलं. तेल पाण्यावर तरंगत राहिलं, आणि पंपातलं शेवटचं पाणी पडलं त्या ओळीतले शेंडे करपले. चाळीसेक रोपं माझ्या घाईने गेली. त्याचं अजून वाईट वाटतं.

मग निंबोळ्यांकडे वळले. आमच्या या पावसाच्या मुलखात कडुनिंब तसा कमीच. सांगलीकडच्या कोरड्या मुलखात, जतला राहणाऱ्या मावशीने पावसाळ्याच्या तोंडावर वेचून सावलीत सुकवलेल्या निंबोळ्या पाठवल्या. तीन महिन्यांपेक्षा कमी किंवा आठ-दहा महिन्यांपेक्षा जुन्या निंबोळीत जोर राहत नाही. या बरोबर बेताच्या होत्या. वरचं टरफल काढून आतल्या मगजाची अर्धा किलो भरड केली, फडक्यात सैल बांधून रात्रभर पाण्यात ठेवली. सकाळी पाणी दुधासारखं पांढरट होईपर्यंत पुरचुंडी पिळली, दोनदा गाळलं, वीसेक ग्रॅम साध्या साबणाचं पाणी घातलं आणि एकूण 10 लिटर केलं. हा झाला 5 टक्के अर्क. साबणामुळे तो पानाला धरून राहतो. ऊन उतरल्यावर फवारायचा, कारण त्यातलं अझाडिरॅक्टिन, म्हणजे किडीवर काम करणारं द्रव्य, उन्हात लवकर निकामी होतं. शिवाय तोवर मधमाश्याही परतलेल्या असतात. पानांची खालची बाजू भिजलीच पाहिजे.

तिसऱ्या दिवशी कागद धरला, फुलकिडे तसेच. रडू आलं. काका म्हणाले, "अगो, हे मारायचं औषध न्हय. खाणं सुटतं, कात टाकता येत नाही, मग पुढची पिढी कमी होते." आठ-आठ दिवसांनी आणखी दोन फवारण्या केल्या. वळलेली पानं सरळ झाली नाहीत, होतही नाहीत. पण नवी पालवी सपाट आली.

तणाचं मात्र इतकं जमलं नाही. बांधावर माडाच्या सुरेचं, म्हणजे माडीचं, विनेगर शिंपडलं. नुकतीच दोन पानं फुटलेलं कोवळं तण करपलं. लव्हाळा वरून पिवळा पडला आणि दहा दिवसांत पुन्हा हिरवा, कारण त्याच्या गाठी जमिनीत शाबूत. तो शेवटी कुदळीने गाठींसकट उपटला आणि सरींमध्ये भाताचा पेंढा पसरला.

यंदा मावशीला दुप्पट निंबोळ्या सांगितल्यात.