चैत्र अमावास्येची नोंद: 20.6 वरून 20.0

मंडळी, या वेळी आकाशाची निरीक्षणं थोडी आहेत आणि गावच्या चौकातल्या नव्या दिव्याबद्दलच बरंच लिहायचंय.

जुन्नर तालुक्यातलं आमचं वावर तुमच्यापैकी काहींनी पाहिलंय. गेल्या चैत्र अमावास्येला रात्री साडेअकराला एसक्यूएम-एलने (आकाश किती काळं आहे ते मोजणारा छोटा मीटर; आकडा जितका मोठा तितका अंधार जास्त) डोक्यावरच्या आकाशाचं मोजमाप 20.6 आलं होतं. यंदा तीच जागा, तीच वेळ, पाच वेळा मोजून सरासरी 20.0. गोठ्याच्या भिंतीआड उभा होतो, त्यामुळे मीटरवर थेट उजेड नव्हता. चैत्रातली धूळ दोन्ही वर्षी होतीच. 0.6 प्रतीचा (तेजस्विता मोजायच्या एककाचा) फरक म्हणजे आकाश पावणेदोन पट उजळलं.

मधल्या काळात एकच गोष्ट बदलली. माघात चौकात हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचा दिवा, उभा राहिला. चार फ्लडलाइट, पांढरेफटक, चारही तोंडं आडवी. चौक आमच्या दक्षिणेला आहे. मध्यरात्रीच्या सुमारास नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गोल गुच्छ आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम 23 अंश वर येतो. गेल्या वर्षी तो नुसत्या डोळ्यांना धुरकट ताऱ्यासारखा दिसला होता आणि 8 इंची डॉब दुर्बिणीत कडेपर्यंत दाणे सुटत होते, म्हणजे तारे वेगवेगळे दिसत होते. यंदा तो नुसत्या डोळ्यांना सापडलाच नाही. दुर्बिणीतही मधला गोळा तेवढा दिसला, कडा राखाडी उजेडात विरून गेल्या. एम 83 या दीर्घिकेचे सर्पिल हात तर शोधूनही मिळाले नाहीत.

1 मेच्या ग्रामसभेत अर्ज दिला. दिवा काढा असं आम्ही म्हटलंच नव्हतं. तोंडं खाली वळवा, वर झाकण बसवा, पुढच्या वेळी पिवळसर एलईडी घ्या, एवढंच. निळसर प्रकाश हवेत जास्त विखुरतो हेही सांगितलं. उत्तर आलं, "गावाला उजेड मिळालाय तो तुम्हाला बघवत नाही का?" पुढे बिबट्याचा विषय निघाला आणि अर्ज बाजूला पडला.

बिबट्याची भीती खरी आहे. रात्रीची थ्री-फेज वीज आली की माणसाला शेतात भरणं करायला, पाणी द्यायला जावंच लागतं. पण आडवा फ्लड डोळ्यांवर येतो तेव्हा बाहुली आकसते आणि उजेडापलीकडच्या उसातलं काहीच दिसत नाही. हे मी चौकात उभं राहून दाखवायला तयार होतो. कुणी आलं नाही.

माझं मत स्पष्टच सांगतो. आमच्या अर्जाला जो विरोध झाला तो उजेडासाठी नाहीच, दिवा लांबून दिसावा यासाठी आहे. निधीतून बसवलेला हायमास्ट हायवेवरून दिसला की काम झालं म्हणून सांगता येतं. तोंड खाली केलं तर रस्ता तेवढाच उजळेल, पण खांब चार गावांना दिसणार नाही. मला याचाच संताप येतो. खर्च तोच, वीज तीच, आणि आकाश मात्र जातं.

आवाजासाठी 2000 सालचे नियम आहेत, पोलिसांना फोन तरी करता येतो. प्रकाशासाठी देशात तसा कायदाच नाही, त्यामुळे सगळं ग्रामपंचायत सदस्यांच्या मर्जीवर. आणि हे जमण्यासारखं नाही असंही नाही. आपल्याच राज्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं आकाश काळं राखलेलं ठिकाण, म्हणून मान्यता मिळाली. तिथे आसपासच्या गावांतले दिवे जमिनीकडे वळवले. गावं अंधारात गेली नाहीत. जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदींवरून 2023 मध्ये निघालेला आकडा तुम्हाला माहीत आहेच: 2011 ते 2022 या काळात आकाश दरवर्षी सरासरी 9.6 टक्क्यांनी उजळत गेलं. आमच्या गावाने तशा सहा वर्षांचा पल्ला एका खांबात गाठला.

एक काम मात्र झालं. शेजारच्या काकूंच्या अंगणातला बल्ब थेट आमच्या पूर्वेला चमकायचा. त्यांना विचारून 15 किलोच्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, कडा दुमडल्या, आतून चुना मारला आणि टोपीसारखा बसवला. पहिल्याच रात्री काकू म्हणाल्या, "आता पायरी नीट दिसती रे, आधी नुसतं डोळ्यात यायचं." पूर्वेला आता गरुडातला श्रवण उगवताना दिसतो.

शाळेच्या व्हरांड्यातल्या दोन दिव्यांना अशाच टोप्या करायला मुख्याध्यापकांनी होकार दिलाय. पत्रा कापून ठेवलाय. वैशाख अमावास्येच्या आत बसवतो आणि ढग आले नाहीत तर त्या रात्रीचं मोजमाप इथे टाकतो. पुढचा अर्ज 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत. तुमच्या गावात कुणी हायमास्टची तोंडं वळवून घेतली असतील तर ठरावाची नक्कल मला हवी आहे.