टाळी दोनवर आणि चारवर

शिकागोतल्या ब्लूज क्लबात शिरलं की नजर आपोआप गिटारवाल्याकडे जाते. पहिली दहा मिनिटं ती ड्रमरच्या डाव्या हातावर ठेवा. तो हात स्नेअर नावाच्या छोट्या ड्रमवर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला पडतो. पायाचा किक ड्रम पहिल्या आणि तिसऱ्या. आपल्याला समेवर टाळी द्यायची लहानपणापासूनची सवय, म्हणून हात नेमका एकवर उठतो. इथे एकवरची टाळी ड्रमरला आडवी जाते. एका टेबलानं सुरू केली की शेजारची दोन टेबलं धरतात आणि शफल या चालीचा झोका बिघडतो. उपाय सोपा आहे: एकवर आणि तीनवर टाच टेकवा, टाळी दोनवर आणि चारवर. दोन-तीन गाण्यांत अंगात भिनते. संथ ब्लूज लागला तर टाळी नकोच, मान पुरते.

झोका म्हणजे काय, तर शफलमध्ये प्रत्येक मात्रेचे तीन सारखे तुकडे पडतात आणि मधला वाजत नाही. लंगडत पण ऐटीत चालणाऱ्या माणसासारखी ती चाल लागते. हे तुकडे दोन सारखे करून वाजवले तर तेच स्वर, तेच कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर), पण शफल उरत नाही.

आता आवर्तन. बहुतेक गाणी १२ बारची, एका बारमध्ये ४ मात्रा, म्हणजे पूर्ण फेरी ४८ मात्रांची. मिनिटाला १२० मात्रांचा शफल असेल तर फेरी २४ सेकंदांत संपते. ६० च्या संथ चालीत ४८ सेकंद लागतात. गाणं ए मध्ये, म्हणजे ए हा सा धरून, असेल तर ४ बार ए, २ बार डी, पुन्हा २ बार ए, मग १ बार ई, १ बार डी आणि शेवटचे २ बार ए. या शेवटच्या दोन बारमध्ये एक छोटी घसरण वाजते, तिला टर्नअराउंड म्हणतात. ती ई वर येऊन टेकते आणि तिथून पुढच्या फेरीच्या एकवर उडी. तिहाईनंतर समेवर आल्यावर जे सुख होतं त्याच्या फार जवळचं सुख इथे मिळतं, आणि ते दर अर्ध्या मिनिटाला मिळतं. मोजायचं कसं? बोटांच्या पेरांवर, जसा आपण ताल मोजतो. एका बोटाला तीन पेरं, चार बोटांची बारा. एक पेर म्हणजे एक बार. पाचवं पेर आलं की कॉर्ड बदलला पाहिजे. दुसऱ्याच पेराला बदलला तर गोंधळू नका, त्याला क्विक चेंज म्हणतात. तिसऱ्या पेराला बँड परत ए वर येतो. सगळीच गाणी बाराची नसतात, ८ आणि १६ चीही असतात. विली डिक्सननं लिहिलेलं, ब्लूज गायक मडी वॉटर्सनं १९५४ मध्ये ध्वनिमुद्रित केलेलं 'हूची कूची मॅन' १६ बारचं आहे.

शब्दांची बांधणी कळली की ऐकणं आणखी खुलतं. पहिली ओळ ४ बार, तीच ओळ पुन्हा ४ बार, आणि तिसरी ओळ तिला उत्तर. गझलेच्या मैफलीत शायर पहिला मिसरा दोनदा म्हणतो आणि ऐकणारे दुसऱ्याची वाट बघत थांबतात, अगदी तसं. प्रत्येक ओळीतले शब्द साधारण दोन-अडीच बारमध्ये संपतात. उरलेली जागा मोकळी राहते आणि तिथे गिटार किंवा हार्मोनिका गाणाऱ्याला उत्तर देते. बँड चांगला की सुमार हे याच जागेत कळतं. चांगला गिटारिस्ट शब्द संपेपर्यंत हात आवरतो. सुमार गिटारिस्ट शब्दांवर वाजवत राहतो, आणि खोलीला ना शब्द ऐकू येतात ना गिटार.

बसायचं कुठे? पहिली रांग मोहात पाडते, पण गिटारचा अँप, म्हणजे आवाज वाढवणारी स्पीकरची पेटी, जमिनीवर असतो आणि त्याच्या स्पीकरचा तीव्र आवाज सरळ रेषेत, झोतासारखा जातो. तो नेमका खुर्चीत बसलेल्याच्या कानावर येतो, तर उभ्या गिटारिस्टच्या गुडघ्यावरून जातो. त्याला स्वतःला तो बोथट ऐकू येतो म्हणून तो ट्रेबल (टोकदार, चढा आवाज) वाढवतो, आणि पुढच्या टेबलाचे कान दुखतात. गायकाचा आवाज वरच्या स्पीकरमधून येत असतो, तोही पहिल्या रांगेच्या डोक्यावरून निघून जातो. मंचापासून खोलीच्या एक तृतीयांश अंतरावर, थोडं बाजूला बसा. साउंडवाल्याचा मिक्सर दिसला तर त्याच्या पुढचं टेबल सगळ्यात उत्तम. फोमचे इअरप्लग खिशात ठेवाच. १०० डेसिबलला कानांची सुरक्षित मर्यादा १५ मिनिटांची मानतात, आणि छोट्या खोलीत ड्रम आणि दोन अँप मिळून तिथवर सहज पोचतात.

हार्मोनिका जवळून बघण्यासारखी आहे. दहा भोकांची, खिशात मावणारी. गाणं ए मध्ये असेल तर वादक डी ची हार्मोनिका काढतो, ई मध्ये असेल तर ए ची, जी असेल तर सी ची. चुकून लागली असं वाटतं, पण तसं नाही. त्या जोडीत गाण्याचे मुख्य स्वर फुंकण्याऐवजी ओढण्यात येतात, आणि खालच्या भोकांचे ओढलेले स्वर जिभेनं, घशानं खाली वाकवता येतात. मींडेसारखा तो वाकलेला स्वर म्हणजेच ब्लूजचा रडवा गंधार. साध्या माइकला गिटारचा अँप जोडून हे वाद्य हार्मोनिकावादक लिटल वॉल्टरनं कुठल्या कुठे नेलं. १९५२ चं त्याचं 'ज्यूक' आजही या वादकांची परीक्षा असते. माइक आणि हार्मोनिका दोन्ही तळहातांच्या ओंजळीत घट्ट धरावी लागतात. हवा निसटली की आवाज पातळ होतो. तो भरायला अँप वाढवला की शिट्टी सुरू. अशा वेळी वादकानं अँप कमी करून, अँपच्या तोंडासमोरून दोन पावलं बाजूला व्हायचं असतं.

वाजवायला जाणार असाल तर जॅमची, म्हणजे पाहुण्यांनी मंचावर येऊन वाजवायची, रात्र निवडा. दारापाशी वहीत नाव आणि वाद्य लिहायचं, क्लबचा नेहमीचा बँड पहिला सेट (गाण्यांचा सलग भाग) वाजवतो, मग तीन-चार जणांना दोन-तीन गाण्यांसाठी बोलावतात. गाणाऱ्यानं सूर, चाल आणि सुरुवात तीन शब्दांत सांगायची: 'शफल, ए मध्ये, फाइव्हपासून.' म्हणजे पाचव्या स्वराच्या, इथे ई च्या, कॉर्डवर, नवव्या बारपासून सुरू करायचं. गोंगाटात सूर बोटांनी सांगतात, त्या सुराच्या सप्तकात जितके शार्प (चढे) किंवा फ्लॅट (उतरे) स्वर तितकी बोटं: वर दोन बोटं म्हणजे दोन शार्पचा डी, खाली एक बोट म्हणजे एका फ्लॅटचा एफ. तळहात खाली दाबला तर आवाज कमी. मूठ दिसली की शेवट. नवखे वाजवणारे स्वतःच्या बोटांकडे बघत राहतात, मूठ हुकते आणि शेवटानंतर एकटेच वाजत राहतात. गिटार घरून सुरात लावून न्या, जास्तीची केबल न्या, आणि १५ ते २० वॉटचा ट्यूब अँप अशा खोलीला भरपूर होतो हे लक्षात ठेवा. दोन हार्मोनिका एकाच वेळी मंचावर नकोत. सोलो दोन फेऱ्यांचा. तिसरी हवी असेल तर म्होरक्याकडे बघा, त्याची मान हलली तर घ्या.

जागांपैकी ब्लूज गिटारवादक बडी गायचं लेजेंड्स १९८९ पासून आहे, साउथ वॉबॅशवर, शहरी रेल्वेच्या रेड लाइनवरच्या हॅरिसन स्टेशनजवळ. जानेवारीत तो स्वतः तिथे वाजवत आलाय, त्याची तिकिटं लवकर संपतात. किंग्स्टन माइन्स नॉर्थ हॉल्स्टेडवर, १९६८ पासून; दोन खोल्यांत दोन मंच, दोन बँड आलटून पालटून, त्यामुळे मध्यंतर असा नसतोच. खुर्ची सोडून शेजारच्या खोलीत जायचं. पण नीट ऐकायचं असेल तर आर्मिटेज अव्हेन्यूवरच्या रोझाज लाउंजला जा. मिलानहून आलेल्या एका ड्रमरनं १९८४ मध्ये आईच्या नावानं सुरू केलेली ही जागा लहान आहे आणि तिथे लोक गाणं चालू असताना बोलत नाहीत. माझ्या मते शहरातली ही सगळ्यात प्रेमानं चालवलेली खोली. मुंबईकरांना वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ आठवेल: २०११ मध्ये महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला तेव्हा बडी गाय तिथेच वाजवून गेला होता. तिथली गर्दी आणि इथलं टेबल यांत फरक असा, की इथे त्याच्या जातकुळीचे वादक हाताच्या अंतरावर असतात.

वय २१ लागतं, ओळखपत्र दारातच बघतात. भारतातून आई-बाबा आले असतील तर त्यांचेही पासपोर्ट न्या, पांढरे केस बघून सोडत नाहीत. रोख ठेवा. सेटच्या शेवटी टिपची बादली फिरते आणि वादकांच्या रात्रीच्या कमाईचा तो खरा भाग असतो. प्रत्येक सेटला माणशी पाच डॉलर ही साधी सभ्यता आहे. नेपरव्हिल किंवा शॉमबर्गला परतायचं असेल तर मेट्रा या उपनगरी रेल्वेच्या शेवटच्या गाडीचं वेळापत्रक आधी बघा. रेड लाइन रात्रभर चालते, पण ती उपनगरांत जात नाही. जमलं तर एखादी रात्र शहरातच मुक्काम करा. किंग्स्टन माइन्सला मध्यरात्रीनंतर दुसरीकडचे कार्यक्रम आटोपून आलेले वादक गिटारची पेटी पाठीवर घेऊन दारातून आत येतात, आणि मंचावरचा म्होरक्या त्यांच्याकडे बघून एक बोट वर करतो. एक शार्प, जी.