सनाच्या रकान्यात 1900 लिहू नका

1899-1900 च्या दुष्काळाचे निजामी कागद शोधायला जाणार असाल, तर अर्जात सनाच्या रकान्यात 1900 लिहू नका. मी लिहिलं आणि पाच आठवडे घालवले.

आमचं गाव आष्टी तालुक्यातलं. शिवार संपलं की नगरची हद्द. आज्जी सांगायची, मोठ्या काळात, म्हणजे याच दुष्काळात, तिच्या सासूनं लेकरू पाठीशी बांधून हद्दीपलीकडं खडी फोडली, 'इंग्रजाच्या कामावर'. शेतसारा निजामाला आणि भाकरी इंग्रजाच्या मुलखात. हे खरं का, एवढंच मला बघायचं होतं.

इंग्रजी बाजूचं वाचन घरबसल्या झालं. 1876-78 च्या दुष्काळानंतर 1880 चा आयोग, मग 1883 ची दुष्काळ संहिता, नेमून दिलेल्या कामाच्या मापावर मजुरी, अंगमेहनत न जमणाऱ्यांना फुकट मदत. 1896-97 ला टिळकांनी शेतकऱ्यांना याच संहितेतले हक्क समजावले होते. पण ते सगळं इंग्रजी मुलखाचं. आमची बाजू निजामाच्या दप्तरात, आणि ते दप्तर ज्या कार्यालयात आहे तिथं माझं घोडं अडलं.

खिडकीतल्या बाबूंनी रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं, मिटलं. "गुरुजी, 1900 ला काहीच नाही."

काहीच नाही! 1891 च्या शिरगणतीत बीड जिल्हा सुमारे 6 लाख 42 हजारांचा, 1901 ला 4 लाख 92 हजारांचा. दीड लाख माणूस घटलं (त्यातलं मेलं किती आणि परागंदा किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही) आणि रजिस्टरात काहीच नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा पहाटेची एसटी. "1899 टाकून बघा की." टाकलं. नाही. तिसऱ्या खेपेला साहेब रजेवर आणि किल्ली साहेबांकडं. चौथ्या खेपेला जेवणाची सुट्टी पावणेतीनपर्यंत चालली. माझी परतीची गाडी साडेतीनची! बाकावर बसून मी मनातल्या मनात तक्रारअर्ज लिहीत होतो, तेवढ्यात शेजारी जमिनीचे उर्दू कागद वाचत बसलेले एक चाचा म्हणाले, "मास्तर, इथं इसवी कुठं शोधता? फसली लावा. 590 वजा करा."

फसली म्हणजे निजामाच्या दप्तरातली सनाची मोजणी. 1900 मधून 590 वजा केले, 1310 आले. आनंदानं अर्ज दिला. रुमाल, म्हणजे कागदांचं गाठोडं, निघाला तो दुष्काळ सरल्यानंतरचा. ही खेप मात्र माझ्या हिशेबानं बुडाली, बाबूंना बोल लावत नाही. निजामाचं फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं. त्यामुळं जानेवारी ते सप्टेंबरच्या तारखेतून 591 वजा करायचे. 1899 चा पाऊस गेल्यानंतरचा हिवाळा आणि 1900 चा उन्हाळा, दोन्ही 1309 फसलीतच येतात. चाचांना हे सांगितलं तर म्हणाले, "तुम्ही महिना कुठं सांगितला होता?"

हो, मोडी येते या घमेंडीत जाऊ नका. मी मोडीचा वर्ग केलेला, प्रमाणपत्रही सोबत नेलं होतं. 1880 च्या दशकात निजामाच्या कारभारात फारसी जाऊन उर्दू आली, तीही घसट्या हातानं लिहिलेली. वाचणारा माणूस आधी गाठा, अर्ज मग. फोटो काढायची परवानगी त्याच अर्जात मागा, नाहीतर वेगळी खेप पडते. आणि तोंडाला रुमाल बांधा, धूळ फार.

1309 च्या रुमालात चाचांनी एक कागद वाचून दाखवला, खुर्दाद या फसली महिन्यातला, म्हणजे एप्रिल-मेचा. साऱ्याच्या तहकुबीबद्दलचा. हद्द ओलांडून गेलेल्यांचा त्यात उल्लेखही नाही. बाई खडीवर गेली असेल तर तिची मोजणी इंग्रजाच्या तक्त्यात 'बायका' या रकान्यात झाली असणार, नावाशिवाय.

आता नगरच्या बाजूचा अर्ज दिलाय. तिथं मात्र 1900 च लिहिलंय.