पैसे पाण्यात: पहिली मोठी खारी टाकी, दिवस १ ते ७५

गोड्या पाण्याच्या माशांच्या टाक्या बरीच वर्षं सांभाळल्यात, त्यामुळे मोठी मरीन (समुद्री माशांची) टाकी करायची ठरवली तेव्हा डोक्यात होतं की तेच सगळं, वरून मीठ. हसू नका. बजेट तुटपुंजं आणि त्यातला मोठा वाटा मी आधीच काचेसाठी बाजूला काढून ठेवलेला, तिथेच गणित चुकलं, कारण खाऱ्या टाकीत काच स्वस्तात सुटते आणि पैसे खरोखर पाण्यात जातात. म्हणजे पाणी बनवायला, मोजायला, हलवायला आणि ते जमिनीवर येऊ नये म्हणून. शेवटचं मला जमलं नाही, येतोच त्यावर.

टाकी सेकंडहँड, ४ बाय २ बाय २ फूट, १२ मिमी काच, काठोकाठ भरली तर ४३० लिटर. वाळू, रॉक (आत रचायचे दगड), काच, पाणी सगळं धरून साडेपाचशे किलोच्या वर वजन होतं त्यामुळे स्टँडवर अजिबात काटकसर केली नाही, लोखंडी फ्रेम, वर जाड प्लायवूड, आणि लेव्हल चारही बाजूंनी आणि तिरकी पण तपासली. टाकी बरेच दिवस कोरडी पडून होती, भरल्यावर दुसऱ्याच दिवशी मागच्या कोपऱ्यात थेंब दिसायला लागले. काचांमधला जोड धडधाकट होता, आतली शिवण गेलेली. जुन्या सिलिकॉनवर नवीन सिलिकॉन नीट धरत नाही, म्हणून गळतंय तेवढ्याच जागी थापण्याचा मोह टाळला आणि आतली सगळी शिवण ब्लेडने खरवडून काढली, दोन संध्याकाळी गेल्या, बोटांची वाट लागली. मग बुरशीरोधक नसलेलं सिलिकॉन भरून आठवडाभर हात लावला नाही.

संप म्हणून, म्हणजे मुख्य टाकीचं पाणी जिथे उतरतं आणि पंप जिथून ते परत वर पाठवतो ती खालची टाकी म्हणून, माझीच जुनी ३ फुटी टाकी, ९० बाय ४० बाय ४० सेंमी, आत काचेचे आडोसे चिकटवले. आता सांडण्याची गोष्ट. रिटर्नचं नोझल, म्हणजे पंपाचं पाणी मुख्य टाकीत परत सोडणारं तोंड, मी तिथल्या पाण्याच्या पातळीखाली ९ सेंमीवर ठेवलं होतं, का तर वरून दिसत नाही आणि प्रवाह छान येतो. नळाचं पाणी भरून टेस्ट चालू होती, पंप मस्त चाललेला, मी चहा घेऊन समोर बसलेलो आणि लाईट गेली. पंप थांबला, आणि ज्या पाइपातून पाणी वर जात होतं त्याच पाइपातून ते खाली यायला लागलं. सायफन. नोझल हवेत उघडं पडेपर्यंत तो थांबत नाही. १२० बाय ६० सेंमीच्या टाकीत १ सेंमी पाणी म्हणजे ७.२ लिटर, ९ सेंमीचे झाले ६५. संपमध्ये मोकळी जागा होती १० सेंमी, म्हणजे ३६ लिटर. उरलेलं २९ लिटर फरशीवर. हे गणित दोन मिनिटांचं आहे आणि मी ते हातात पोछा धरून केलं.

आता नोझल २ सेंमीवर आहे आणि पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली पाइपला सायफन तोडणारं छोटं भोक आहे. पाणी उतरलं की तिथून हवा शिरते आणि खेळ खल्लास. चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) लावला नाही, त्यात एक वाळूचा कण किंवा शंखाचा तुकडा अडकला की तो असून नसल्यासारखा.

पाणी. नळाच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार वगैरे) २४०, आरओ मेम्ब्रेननंतर ९, उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिननंतर ०. रेझिन वाचवून ९ वरच भागवावं असं बऱ्याचदा मनात आलं पण त्या ९ मध्ये काय काय आहे ते मीटर सांगत नाही, तो फक्त आकडा सांगतो. एक लिटर चांगल्या पाण्यामागे तीन-चार लिटर वाया जातं, ते ड्रममध्ये साठवून वाळू धुवायला वापरलं. टाकी आणि संप मिळून प्रत्यक्ष पाणी ४०० लिटरच्या आसपास, त्याला साधारण १५ किलो मीठ लागलं. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) आरओच्या पाण्यावर शून्य करून घेतला होता, टाकीच्या पाण्यावर ३५ दाखवत होता, म्हणजे हजार भागांत ३५ भाग मीठ, समुद्रासारखं, मी खूश. नंतर ३५ चं कॅलिब्रेशन द्रावण मागवलं आणि त्यावर पठ्ठ्या ३७ दाखवतोय! म्हणजे माझं पाणी खरं ३३ च्या आसपास. ती छोटी बाटली आधी घ्या, बाकी खरेदी नंतर.

रॉक एकाने टाकी बंद केली त्याच्याकडून, वाळलेला, ३५ किलो. स्वस्त पडला पण त्यात जुनं मेलेलं सगळं तसंच होतं. झाकण लावलेल्या ड्रममध्ये खारं पाणी, पॉवरहेड (पाणी हलवणारा छोटा पंप) आणि अंधार, असा महिनाभर ठेवला. पहिल्या आठवड्यात झाकण उघडलं की घरचे खिडक्या उघडायचे. फॉस्फेट ०.८ होतं, तीनदा पाणी बदलून ०.१ वर आलं. (वापरलेला रॉक उकळून साफ करू नका, काही झोअँथिडमध्ये (रॉकवर वाढणारे प्रवाळासारखे जीव) पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं आणि त्याची वाफ माणसालाही गंभीर आजारी पाडते.) वाळू अ‍ॅरागोनाइटची. रचनेवर पाच रविवार घालवले, दोन खांब आणि वर छपरासारखा एक चपटा दगड, जेल सुपरग्लूने जोडलेला.

सायकलसाठी, म्हणजे अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जीवाणू रुजावेत म्हणून, अमोनियम क्लोराइड टाकून अमोनिया २ पीपीएम (दहा लाख भागांत २) केला. ११ दिवस काहीच नाही, रोज तोच हिरवा रंग, मग १२ व्या दिवशी नायट्राइट दिसलं आणि एकदम चार्टच्या टोकाला जाऊन बसलं. नायट्रेट ८० च्या वर दाखवत होतं, मी घाबरलो, पण हे किट आधी नायट्रेटचं नायट्राइट करून मग मोजतं, त्यामुळे नायट्राइट भरपूर असेल तर तो आकडा खोटा येतो. ३३ व्या दिवशी २ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य. तेव्हा नायट्रेट परत मोजलं, २०. मग एक मोठा वॉटर चेंज.

स्किमर (बुडबुड्यांच्या फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) पण सेकंडहँड, पंप कॅल्शियमने जाम होता, व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवल्यावर फिरायला लागला. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) बजेटच्या बाहेर, म्हणून पृष्ठभागावर दोन पंखे. तापमान २-३ अंशांनी उतरतं, पण रोज ५-६ लिटर पाणी उडून जातं आणि मीठ तिथेच राहतं, म्हणजे दोन दिवस दुर्लक्ष केलं तर ३५ चं ३६. भर साध्या आरओ-डीआय पाण्याची घालायची, खाऱ्या नाही. सध्या फ्लोट व्हॉल्व्ह लावलाय आणि मुद्दाम छोट्या कॅनला जोडलाय, अडकलाच तर सगळा ड्रम संपमध्ये रिकामा व्हायला नको.

४० व्या दिवसापासून सगळं तपकिरी. डायटम, एक सूक्ष्म शैवाल. वाळू, काच, पंप, सगळ्यावर मखमल. मी काही केलं नाही, दोन आठवड्यांत आपोआप ओसरलं आणि आता हिरवं शेवाळ आलंय.

मासे? आहेत, दोन ऑसेलारिस क्लाउन मासे, टँकब्रेड (समुद्रातून न पकडता टाकीत वाढवलेले), पण ते कोपऱ्यातल्या ४० लिटरच्या टबमध्ये क्वारंटाइनला, एका पीव्हीसी एल्बोला स्वतःचं घर मानून. दोन्ही अजून नर असावेत, या जातीत मोठा असतो तो पुढे मादी होतो. मोठ्या टाकीत फक्त सहा गोगलगायी. त्यांच्या कवचावरून इकच्या (माशांवर जगणाऱ्या एका परजीवीच्या) गाठी आल्या असतील तर माशाविना मराव्यात म्हणून तिथे ७६ दिवस मासा नाही, त्यातले २७ झालेत. येणारा प्रत्येक माणूस काचेला नाक लावून विचारतो, मासे लपलेत का.

परवा पंप बंद करून सायफनची टेस्ट परत घेतली, दर आठवड्याला घेतो. संप चढत गेला, चढत गेला, थांबेना. नोझल उघडं पडल्यावर थांबला एकदाचा, काठापासून सहा सेंमी खाली, म्हणून वाचलो. टॉर्च मारून बघितलं तर त्या छोट्या भोकावर नेमकी एक गोगलगाय बसलेली, आरामात, जणू मोजूनच केलंय.

आता भोकं दोन आहेत. गोगलगायी सहा.