ऋणनिर्देशातली दोन वाक्यं

आमचा शोधनिबंध, म्हणजे पेपर, रात्रपाळीत काम करणाऱ्यांच्या झोपेवर होता. लेखक तिघं: मी, आकडेवारीचं काम केलेली माझी विद्यार्थिनी आणि आमचे विभागप्रमुख. जर्नलच्या पोर्टलवर शेवटच्या पानावर एक रकाना होता. लेखनात एआयचं साधन वापरलं का? वापरलं असल्यास कोणतं आणि कशासाठी? मी 'इंग्रजी सुधारण्यासाठी' एवढंच टाइप केलं.

विद्यार्थिनी शेजारीच बसली होती. म्हणाली, "मॅडम, खरं तर चॅटबॉटचं नावच लेखकांत टाकायला हवं. तिसऱ्या लेखकापेक्षा त्यानं जास्त काम केलंय." आम्ही दोघी हसलो. मग मी नियम काढून बसले, आणि हसू मावळलं.

चॅटजीपीटीचं नाव लेखक म्हणून टाकण्याचे प्रकार खरोखरच झाले होते. म्हणूनच जानेवारी २०२३ मध्ये 'नेचर' आणि 'सायन्स' या दोन्ही जर्नलांनी यंत्राला लेखक मानणार नाही, असं जाहीर केलं. फेब्रुवारीत कोपनेही तीच भूमिका घेतली (कोप हे प्रकाशन-नीतीवर काम करणाऱ्या संस्थेचं नाव आहे, कुणाचा राग नव्हे). मे महिन्यात वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने, म्हणजे आयसीएमजेईने, तेच आपल्या शिफारशींत घातलं. कारण सगळ्यांचं एकच: लेखकाला उत्तर द्यावं लागतं, आणि यंत्राला काही विचारता येत नाही.

आयसीएमजेईच्या लेखकपणाच्या अटी चार आहेत. संशोधनाची कल्पना, माहिती गोळा करणं किंवा तिचं विश्लेषण यांत भरीव वाटा. मसुदा लिहिणं किंवा चिकित्सकपणे तपासणं. अंतिम मजकुराला संमती. आणि पुढे कुणी शंका काढली तर उत्तर द्यायची तयारी. चारही पुऱ्या व्हायला हव्यात. चॅटबॉट चौथीत अडकतो. सर पहिलीतच अडकत होते.

हे मला आधी ठाऊक नव्हतं असं नाही. विभागप्रमुखांचं नाव घालायची रीतच आहे आणि मीही ती वर्षानुवर्षं पाळली. पण यंत्राला लावलेली फुटपट्टी माणसाला लावायची नाही, हे मलाच पटवून देता येईना. त्यात योगदानाचा फॉर्म समोर होता. चौदा भूमिका, प्रत्येकीपुढे कुणाचं तरी नाव. सरांच्या नावाला एकही जागा सापडत नव्हती.

पेपर मसुदा म्हणून सेव्ह केला आणि चार दिवस सरांच्या केबिनवरून नुसत्या चकरा मारल्या. पाचव्या दिवशी आत गेले.

"सर, तुमच्या नावापुढे काय लिहू?"

"लिहा ना, देखरेख लिहा."

"लिहिते. फक्त आकडेवारीवर प्रश्न आला, तर उत्तर तुम्हालाही द्यावं लागेल."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ऋणनिर्देशात टाका," म्हणाले. दोन मिनिटांत विषय संपला.

पेपर गेला. आपण फार नीतिमान वागलो, या आनंदात मी दोन महिने होते. मग जर्नलनं पेपर तपासायला दिलेल्या तज्ज्ञांचा रिव्ह्यू आला. दुसऱ्या रिव्ह्यूअरचा पहिलाच मुद्दा: संदर्भ क्रमांक २३ सापडत नाही.

मलाही सापडला नाही. लेखक आमच्याच क्षेत्रातले, जर्नल खरं, शीर्षकही अगदी हवं तसं. पण त्या अंकात त्या पानांवर भलताच लेख होता. चॅटबॉटशी झालेलं जुनं संभाषण उघडलं. एका रात्री मी त्याला या मुद्द्याला आधार देणारे पेपर सुचवायला सांगितलं होतं. त्यानं पाच दिले. मी चार तपासले आणि पाचवा तसाच चिकटवला. म्हणजे 'इंग्रजी सुधारण्यासाठी' हे माझं निवेदन खोटं होतं. मुद्दाम नव्हे, पण संपादकाला त्यानं काय फरक पडतो?

आणखी वर गेले तर त्याहून अवघड गोष्ट दिसली. चर्चेच्या भागातला एक परिच्छेद मला फार आवडायचा. मी अर्धवट प्रश्न विचारला होता आणि स्पष्टीकरण यंत्रानं पूर्ण केलं होतं. कल्पना माझी की त्याची? विद्यार्थिनी आणि मी तासभर वाद घालत बसलो. शेवटी मूळ पेपर काढून वाचले. अर्ध्या स्पष्टीकरणाला त्यांत आधारच नव्हता. तो भाग काढला, उरलेला स्वतः लिहिला.

संपादकांना सगळं कळवलं, संभाषणाची प्रतही जोडली. पेपर परत येईल असं धरून चालले होते. उत्तर चार ओळींचं आलं: प्रत्येक संदर्भ मुळातून तपासा, तसं लेखी कळवा, निवेदन बदला. एकेचाळीस संदर्भांना आठवडा गेला. आणखी दोन संदर्भ चुकीच्या वाक्याला लावलेले निघाले, आणि ती चूक यंत्राची नव्हती.

त्याच रिव्ह्यूअरला एक परिच्छेद 'यंत्रानं लिहिल्यासारखा' वाटला होता. तो पूर्ण माझा होता! अशा शंकांचं मला वाईट वाटत नाही आता. २०२३ मधल्या एका अभ्यासात यंत्राचं लिखाण ओळखणाऱ्या सात डिटेक्टरांना टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे ९१ निबंध दिले, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी लिहिलेले. सरासरी ६१ टक्के निबंध त्यांनी यंत्राचे ठरवले. तेवढं उत्तरात लिहिलं आणि परिच्छेद तसाच ठेवला.

नवं निवेदन लिहायला एक अख्खी दुपार गेली. आयसीएमजेईच्या शिफारशींप्रमाणे लिखाणातल्या मदतीचा उल्लेख ऋणनिर्देशात येतो. विश्लेषणात किंवा आकृत्यांत यंत्र वापरलं असेल तर तो पद्धतीच्या भागात जातो. आमचं सगळं ऋणनिर्देशातच बसलं. साधनाचं नाव, आवृत्ती, भाषा सुधारली, संदर्भ सुचवून घेतले, ते लेखकांनी तपासले, मजकुराची जबाबदारी लेखकांची.

छापील प्रत हातात आली तेव्हा त्या भागात दोनच वाक्यं होती, एक सरांच्या मार्गदर्शनाचं आणि एक चॅटबॉटच्या मदतीचं. क्रम काय ठेवायचा, यावर विद्यार्थिनीनं माझ्याकडे पाहिलं होतं. सरांचं आधी ठेवलं.