डार्विनला जाऊन नॅटसिया बघून आलो, ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये नवरा, मी आणि आमची नऊ वर्षांची लेक असे तिघं मेलबर्नहून डार्विनला गेलो होतो, खास नॅटसिया बघायला. पूर्ण नाव टेलस्ट्रा नॅशनल ॲबोरिजिनल अँड टोरेस स्ट्रेट आयलंडर आर्ट अवॉर्ड्स, पण तिकडे सगळे नॅटसियाच म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी कलाकारांसाठीचा हा सगळ्यात जुना नि सगळ्यात मानाचा पुरस्कार, १९८४ पासून चालू आहे, मुख्य बक्षीस १ लाख डॉलर आणि शिवाय सहा विभागांना १५-१५ हजार.

माझं माहेर डहाणूचं. लहानपणी वारली पाड्यावरच्या लग्नघरात सवाशिणींनी भिंतीवर लिहिलेला लग्नाचा चौक मी पाहिलेला आहे, तांदळाचं पीठ, बांबूची काडी, आणि हो, तिकडे चौक काढत नाहीत, लिहितात. नंतर तीच माणसं नि तोच तारपा कुशन कव्हरवर, बेडशीटवर सगळीकडे बघितला आणि कुठेही काढणाऱ्याचं नाव नाही, ते मला कायम लागत आलंय. म्हणून ज्या देशात मी आता राहते तिथे आदिवासी कलाकाराला कसं वागवतात ते डोळ्यांनी बघायचं होतं.

निवडलेल्या कामांचं प्रदर्शन असतं नॉर्दर्न टेरिटरी या तिकडच्या प्रांताच्या म्युझियममध्ये, शहरापासून चारेक किलोमीटरवर, अगदी समुद्राला लागून. बक्षिसं जाहीर होतात ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी संध्याकाळी म्युझियमच्या हिरवळीवर. चटई, पाणी आणि डासांचं क्रीम घेऊन जा.

२०२५ चं मुख्य बक्षीस मिळालं गायपलानी वानांबी हिला, ईशान्य आर्नहेम लँडमधली (हा नॉर्दर्न टेरिटरीतलाच आदिवासींचा मोठा प्रदेश) योल्ङू या आदिवासी लोकांपैकी कलाकार. कामाचं नाव ‘बुर्वु, ब्लॉसम’. टाकून दिलेल्या ३६ रोड साइन्स जोडून केलेलं साधारण तीन मीटर बाय तीन मीटरचं काम आहे हे. एका बाजूने नुसतं चंदेरी, धातूवर कोरलेली स्ट्रिंगीबार्क झाडाची फुलं, इतकी बारीक आणि इतकी दाट की तुम्ही एक पाऊल सरकलात की उजेड सरकतो आणि सगळं हलल्यासारखं वाटतं. ही फुलं म्हणजे मध, आणि मध शोधत फिरणाऱ्या पूर्वजाची गोष्ट त्यात आहे. बरेच लोक एवढं बघून पुढे जात होते. प्लीज असं करू नका, वळसा घालून मागे जा! मागे त्याच पाट्यांची रस्त्याकडची बाजू आहे, रंग उडालेली, ओरखडे पडलेली. माझी लेक समोरून मागे, मागून समोर अशा किती फेऱ्या मारत होती काय माहीत. वानांबीचे वडील मोठे कलाकार, त्यांच्याकडेच ती शिकली, हे कळल्यावर मला परत एकदा जाऊन बघावंसं वाटलं.

दुसरी गोष्ट म्हणजे बार्क पेंटिंग्ज. पावसाळ्यात झाडाची साल सुटते तेव्हा ती काढतात, विस्तवावर धरून सपाट करतात, वजनाखाली ठेवतात. रंग म्हणजे आपली गेरू-पिवडी असते तशीच माती, काळ्याला कोळसा, आणि बारीक रेघांसाठी ब्रश माणसाच्या केसांचा! आडव्यातिडव्या रेघांच्या त्या जाळीला पश्चिम आर्नहेम लँडमध्ये रार्क म्हणतात. जेवढं जवळ जाऊ देतात तेवढं जा आणि एका कोपऱ्यात दोन मिनिटं डोळे ठेवा, एक रेघ कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली ते दिसायला लागतं.

आणि लेबलं वाचा. प्रत्येक चित्राखाली कलाकाराचं नाव, कुठल्या लोकांपैकी, कुठल्या गावची, आणि ही गोष्ट कुठल्या जमिनीची. मी त्या लेबलांपुढेच जास्त वेळ उभी राहिले असेन, चौक लिहिणाऱ्या त्या बायकांपैकी एकीचंही नाव मला माहीत नाही हे तिथे फार टोचलं.

घाई करू नका, आम्ही दोन दिवस गेलो तरी कमी पडले, सत्तरएक कामं असतात. मुलं कंटाळली तर त्याच म्युझियममध्ये स्वीटहार्ट नावाची ५.१ मीटरची पेंढा भरलेली मगर आहे. १९७४ च्या ट्रेसी चक्रीवादळाचा आवाज ऐकवणारी अंधारी खोलीही आहे, पण लहान मुलांना आधी सांगून मगच न्या, आमची घाबरली.

त्याच वीकेंडला कन्व्हेन्शन सेंटरमध्ये डार्विन ॲबोरिजिनल आर्ट फेअर भरतो, तो चुकवू नका. देशभरातली आर्ट सेंटर्स, म्हणजे गावोगावच्या कलाकारांच्या स्वतःच्या संस्था, तिथे स्टॉल लावतात आणि फेअर कमिशन घेत नाही, विक्रीचे सगळे पैसे त्यांच्याकडेच जातात. काही घ्यायचं तर इथेच घ्या, नाव-गाव-गोष्ट लिहिलेलं सर्टिफिकेट मागून घ्या. फोटो काढायच्या आधी विचारा, टोपली विणणाऱ्या आजींना मी विचारलं तर त्यांनी मान हलवून नाही म्हटलं आणि तरी शेजारी बसू दिलं. त्या पँडनसच्या पानांचं विणत होत्या, आपल्या केवड्याच्याच जातीचं झाड, पान नखाने चिरून, मुळांच्या रंगात उकळून वाळवलेलं. आईला तिथूनच व्हिडिओ कॉल केला (डार्विन भारताच्या बरोबर चार तास पुढे आहे, हिशोब सोपा), ती म्हणाली, अगं, काटे कसे काढतात ते विचार ना! विचारलं, तर आजींनी एक पान घेऊन कडेची काटेरी दोरी एका झटक्यात सोलून दाखवली.

बाकी कामाचं. हॉटेल फेब्रुवारी-मार्चमध्येच बुक करा, आम्ही जूनमध्ये केलं आणि दुप्पट पैसे देऊन रात्रभर एसीचं पाणी टपकणारी खोली मिळाली, तक्रार केली तर बादली आणून दिली. मेलबर्नहून विमान साडेचार तास. ऑगस्ट म्हणजे तिकडचा कोरडा सीझन, दिवसा ३१-३२ डिग्री, रात्री छान, सुती कपडे आणि टोपी पुरे. समुद्र कितीही सुंदर दिसला तरी उतरू नका, मगरी खरोखर असतात. शनिवारी सकाळी पॅरपच्या बाजारात लाक्सा (नारळाच्या दुधातलं तिखट नूडल सूप) खा, आणि गुरुवारी किंवा रविवारी मिंडिल बीचवरच्या संध्याकाळच्या बाजारात सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचा म्हणजे वाळूत बसायला जागा मिळते.

ऑगस्ट जमलाच नाही तर प्रदर्शन जानेवारीपर्यंत असतं, पण ऑक्टोबरनंतर उकाडा असह्य होतो आणि तोपर्यंत फेअरही संपलेला असतो.