संकष्टीचा चंद्रोदय आणि तुटकी शिरोरेखा

माझे पोटापाण्याचे काम जमाखर्चाचे आहे आणि त्यात संगणकाशी येणारा संबंध तक्ते भरण्यापुरताच असतो. पायथन ही संगणकाची भाषा मी निव्वळ हौसेने शिकले. शनिवार-रविवारच्या दुपारी ज्या काही खटपटी केल्या, त्यांतल्या बहुतेक अर्ध्यावरच राहिल्या. पूर्णत्वाला गेलेली एकच वस्तू आज वर्ध्याला आईच्या स्वयंपाकघरात भिंतीवर टांगलेली आहे. साडेसात इंची, ८०० बाय ४८० ठिपक्यांचा ई-पेपरचा पडदा, त्याच्यामागे रास्पबेरी पाय झीरो या चिमुकल्या संगणकाची पाटी आणि सुताराकडून करून घेतलेली सागवानी चौकट, एवढाच तिचा ऐवज. पडद्यावर त्या दिवसाची तिथी, सूर्योदय, आणि पुढच्या संकष्टीची तारीख व चंद्रोदयाची वर्ध्याची वेळ दिसते.

याची सुरुवात एका फोनने झाली. आई वर्षानुवर्षे संकष्टी करते आणि चंद्र उगवल्यावर उपास सोडते. तिच्याकडच्या कॅलेंडरात ठळक अक्षरांत छापलेली चंद्रोदयाची वेळ मुंबईची असते. एका संकष्टीला रात्री तिचा फोन आला, “अगं, कॅलेंडरात नऊ सतरा लिहिलंय आणि चंद्र तर केव्हाचा वर आलाय. मी जेवू का थांबू?” मी तिला जेवायला सांगितले आणि मग कागदावर आकडेमोड केली. मुंबई ७२.८ पूर्व रेखांशाच्या आसपास आहे आणि वर्धा ७८.६ च्या, पृथ्वीला एक अंश वळायला ४ मिनिटे लागतात, म्हणजे नुसत्या रेखांशानेच २३ मिनिटांचा फरक पडला. प्रत्येक वेळी २३ वजा करायचे म्हटले तरी भागत नाही, कारण वर्धा मुंबईपेक्षा पावणेदोन अंश उत्तरेला आहे आणि चंद्र त्या महिन्यात विषुववृत्ताच्या उत्तरेला आहे की दक्षिणेला, यावर आणखी तीन-चार मिनिटे कमी-जास्त होतात. आकाश निरभ्र असेल तेव्हा याचे काही बिघडत नाही, कारण गच्चीवर जाऊन पाहता येते. आषाढापासून भाद्रपदापर्यंतच्या ढगाळ रात्री मात्र छापील वेळेखेरीज दुसरा आधार नसतो.

तिथीचे गणित मला वाटले होते त्यापेक्षा सोपे निघाले. चंद्र आणि सूर्य यांच्या भोगांशांतील, म्हणजे सूर्याच्या भासमान मार्गावर मोजलेल्या स्थानांतील, अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पुरी होते. त्यामुळे हे अंतर २१६ ते २२८ अंशांच्या दरम्यान असेल तेवढा काळ वद्य चतुर्थी. दोन्ही भोगांशांतून सारखाच अयनांश, म्हणजे राशिचक्राचा आरंभ कुठे धरायचा यातला फरक, वजा होत असल्याने तो या वजाबाकीत उडून जातो आणि पंचांगकर्त्यांमधील त्याविषयीच्या जुन्या वादात पडण्याची वेळ तिथीपुरती तरी माझ्यावर आली नाही. नक्षत्रे किंवा अधिक महिना काढताना ती सुटका नसते. संकष्टीचा दिवस ठरवताना सूर्योदयाची तिथी न पाहता चंद्रोदयाच्या वेळी चतुर्थी आहे का, हे पाहतात. चतुर्थी लागोपाठ दोन्ही दिवशी चंद्रोदयाला सापडली तर पहिला दिवस घ्यायचा आणि एकाही दिवशी सापडली नाही तर दुसरा. तिथी कधी सुमारे २० तासांत आटोपते, तर कधी जवळपास २७ तासांपर्यंत लांबते आणि चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो, त्यामुळे हे दोन्ही प्रकार खरोखर घडतात. चार ओळींच्या या नियमात पूर्वीच्या लोकांनी अपवादांसकट सगळे बसवून ठेवले होते. मला ते फक्त उतरवून काढायचे होते. अंगारकी ओळखायला तर वार मंगळवार आहे का, एवढी एकच तपासणी पुरली.

चूक झाली ती चंद्रोदयात. सूर्याचा मध्य क्षितिजाखाली ५० कला (६० कला म्हणजे एक अंश) असताना आपण सूर्योदय धरतो. त्यातल्या ३४ वातावरणातील वक्रीभवनाच्या आणि १६ बिंबाच्या त्रिज्येच्या. मी तोच आकडा चंद्राला लावला. उत्तरे दिसायला अगदी विश्वासार्ह होती, पण स्कायफील्ड या पायथनमधल्या खगोलगणिताच्या तयार साधनाशी ताडून पाहिल्यावर माझा चंद्र दरवेळी चारेक मिनिटे आधी उगवत होता. दोन रविवार मी वेळेच्या रूपांतरात दोष शोधत राहिले. खरे कारण असे होते की माझी आकडेमोड पृथ्वीच्या मध्याशी बसलेल्या निरीक्षकाची होती आणि आई तर पृष्ठभागावर, गच्चीत उभी असते. सूर्याच्या बाबतीत हा फरक नगण्य असतो, पण चंद्र इतका जवळ आहे की त्याचे लंबन, म्हणजे पाहण्याची जागा बदलल्याने दिसणारा सरकाव, सुमारे ५७ कला, म्हणजे जवळजवळ एक अंश भरते आणि तेवढा तो क्षितिजापाशी खाली दिसतो. ही दुरुस्ती केल्यावर वेळा जुळल्या. पुढे मी स्वतःची सूत्रे बाजूला ठेवली आणि नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेची डीई४२१ ही ग्रहस्थानांची फाईलच वापरली. ती जेमतेम १७ एमबीची आहे आणि २०५० पर्यंत पुरते, म्हणजे माझ्या हयातीची सोय झाली.

यानंतर हे सारे पडद्यावर मांडायचे राहिले होते आणि ते काम एका दुपारचे आहे, असा माझा भाबडा समज होता. पहिल्या प्रयत्नात ‘तिथी’ची पहिली वेलांटी ‘त’च्या पुढे जाऊन बसली आणि ‘चतुर्थी’तला रफार सुटून ‘र’खाली उघडा हलन्त दिसू लागला. चित्र तयार करणारे पिलो हे साधन त्याच्या साध्या मांडणीत अक्षरे आली त्या क्रमाने नुसती ओळीत ठेवते. रोमन लिपीला ते चालते, देवनागरीला चालत नाही. त्याला राक्म आणि हार्फबझ या अक्षरजुळणीच्या साधनांची जोड दिली, की अक्षरांची जुळणी लिपीच्या नियमांप्रमाणे होते. या जोडणीचा आणखी एक लाभ असा, की मजकुराची भाषा मराठी असल्याचे सांगता येते आणि टंकात (फॉन्टमध्ये) सोय असेल तर ‘जुलै’मध्ये मराठी वळणाचा पाकळीयुक्त ल व ‘शके’मध्ये देठयुक्त श मिळतो. पडदा कोणी बारकाईने पाहणार नाही हे मला ठाऊक होते. तरीही हिंदी वळणाचा दंडयुक्त ल असलेला ‘एप्रिल’ मला पाहवेना.

दुसरी अडचण शिरोरेखेची होती. या पडद्यावर ठिपका काळा असतो किंवा पांढरा असतो. मधल्या करड्या छटा नाहीत. बारीक अक्षरांत शिरोरेखेची जाडी एका ठिपक्याच्या आसपास येते आणि ती नेमकी दोन ओळींच्या मध्ये पडली, की दोन्हीकडे अर्ध्याहून कमी काळेपणा उरतो व रेघ सबंध नाहीशी होते. ‘सूर्योदय’ मग बोडका दिसतो. कुठे रेघ उरलीच, तर दोन अक्षरांच्या सांध्यात पांढरी फट राहते. शेवटी मी प्रत्येक ओळ चौपट मोठी काढून, शिरोरेखा अचूक ठिपक्यांच्या ओळीवर येईल इतपत वर किंवा खाली सरकवून, मगच लहान करू लागले. ज्या शब्दासाठी हा उद्योग मांडला त्या ‘चतुर्थी’ने तर वेगळाच त्रास दिला, वेलांटीवर चढलेला रफार ओळीच्या वरच्या कडेबाहेर जाऊन कापला जात होता. त्या एका शब्दाला जागा देण्यासाठी सगळ्या ओळींची अंतरे पुन्हा आखावी लागली.

सर्वांत लाजिरवाणा दोष मात्र मीच घातला होता. वर्ध्याबरोबर इतर गावांच्या वेळाही काढता याव्यात म्हणून मी गावांची एक यादी आयती उचलली होती आणि तिच्यात गडचिरोली ‘गढ़चिरोली’ अशी, ‘ढ’खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊन लिहिलेली होती. मराठीत नुक्त्याचे काय काम, असे म्हणून मी सगळ्या मजकुराचे विघटन करून नुक्ते काढून टाकणारे चार ओळींचे फलन (फंक्शन) लिहिले. काही दिवसांनी पडद्यावर ‘चतुर्थी दुसर्‍या दिवशी’ असे दिसण्याऐवजी ‘दुसर्या’ दिसू लागले. कारण शोधताना कळले, की युनिकोडच्या तक्त्यात ०९३१ क्रमांकाचे ‘ऱ’ हे अक्षर ‘र’ अधिक नुक्ता असे विघटित होते. नुक्ता झाडून काढताना मी ‘ऱ्य’मधला आडवा र मोडून त्याचा रफार केला होता. आचाऱ्यांना आणि आचार्यांना एकाच पंगतीला बसवण्याचा हा प्रकार होता. फलन पुसून टाकले आणि गडचिरोली हाताने दुरुस्त केली, जे पहिल्यांदाच केले असते तर अर्धा मिनिट लागला असता.

पडदा लावल्यानंतर एकदाच मोठी फजिती झाली. उन्हाळ्यात बराच वेळ वीज गेली, इंटरनेटही बंद होते आणि या पाटीला स्वतःचे घड्याळ नसल्याने वीज आल्यावर ती जुन्याच वेळेवर जागी झाली. कालची तिथी ती ठामपणे आजची म्हणून दाखवत राहिली. पुढच्या खेपेला मी बटणासारख्या सेलवर चालणारे डीएस३२३१ घड्याळ जोडले.

रचनेत आईने एकच फेरफार सुचवला. मी हौसेने नक्षत्र, योग आणि करणही घातले होते, ती म्हणाली, “ते गुरुजींना लागतं. त्या जागी मला दुधाचं लिहायला ठेव.” तिला वाटले होते की पेनने पडद्यावर लिहिता येईल. दूध न आलेल्या दिवसांच्या फुल्या, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या ताईंच्या सुट्ट्या, हे सारे तिच्या कॅलेंडराच्या चौकोनांत असते आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. नक्षत्र, योग, करण मी काढून टाकले व ती जागा रिकामी ठेवली. जुने कॅलेंडर त्याच भिंतीवर, पडद्याच्या शेजारी टांगलेले आहे. महिना लागला की आई चष्मा लावून पडद्यावरची चंद्रोदयाची वेळ वाचते आणि कॅलेंडरातली मुंबईची वेळ पेन्सिलने खोडून तिच्याखाली ती लिहून ठेवते.